त्वचेवर दुसरी त्वचा

(आपली त्वचा आपल्याला जगाची खबर देते. शरीराच्या आत काय चालले आहे, याचीही खूण त्वचेवर उमटते. ही खूण टिपणारी, मऊ आणि पातळ अशी 'इलेक्ट्रॉनिक त्वचा' शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. ती कशी तयार झाली, ती कसे काम करते आणि तिचा उपयोग कोणाला होतो, हे प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, एक छोटासा प्रयोग करा. डोळे मिटा आणि तळहात पुढे करा. शेजारी बसलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला तुमच्या तळहातावर एकेक वस्तू ठेवायला सांगा. एखादे नाणे, खोडरबर, कापसाचा बोळा, खडूचा तुकडा. आता ओळखा पाहू! डोळे मिटलेले असूनही तुम्ही सगळ्या वस्तू ओळखाल. नाणे गार लागते, खोडरबर मऊ लागते, कापसाला जणू वजनच नसते, खडू खरखरीत लागतो. हे सारे तुम्हांला कोणी सांगितले? तुमच्या त्वचेने.

मराठीत जिला त्वचा म्हणतात, तिला तुम्ही उर्दूत 'जिल्द' म्हणता. पुस्तकाच्या बांधणीलाही उर्दूत जिल्दच म्हणतात. पुस्तकाची जिल्द आतल्या पानांचे रक्षण करते, तशी आपली त्वचा आतल्या मांसाचे, रक्ताचे आणि हाडांचे रक्षण करते. मोठ्या माणसाची त्वचा काढून जमिनीवर अंथरली, तर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापेल. म्हणजे एका चादरीहून फारशी लहान नाही. म्हणूनच त्वचेला शरीराचा सर्वांत मोठा अवयव म्हणतात.

पण त्वचा नुसते झाकण नाही, ती पहारेकरीही आहे. तव्याला बोट लागले की हात आपोआप मागे येतो. थंडीची झुळूक आली की अंगावर काटा येतो. हिरवी मिरची चिरून त्याच हाताने डोळा चोळला, तर काय होते, हे सांगायलाच नको! आता एक गंमत ऐका. मिरचीने आग का होते, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांना आपल्या मज्जातंतूंमधील उष्णता ओळखणारा भाग सापडला. मिरचीतील तिखट द्रव्य आणि खरीखुरी उष्णता या दोन्हींना तो एकच भाग प्रतिसाद देतो. म्हणून तर तिखट खाल्ल्यावर 'तोंड भाजले' असे आपण म्हणतो. आर्डेम पॅटापुटियन या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाब आणि स्पर्श ओळखणारे भाग शोधले. त्यांचा जन्म लेबनॉन देशातील बैरुत शहरात झाला. तरुणपणी ते देश सोडून अमेरिकेत गेले. या दोघांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्वचा बाहेरची खबर आत देते. तशी आतली खबर बाहेरही देते. ताप आला की अंग गरम लागते. घाबरलो की तळहाताला घाम सुटतो. मनगटावर बोटे ठेवली की नाडी लागते. नाडीला उर्दूत 'नब्ज' म्हणतात. वैद्य आणि हकीम शेकडो वर्षे नाडीवर बोटे ठेवून रोग ओळखण्याचा प्रयत्न करत आले. इब्न सीना (९८० ते १०३७) या थोर हकीमाने आपल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात नाडीविषयी सविस्तर लिहिले आहे. तेव्हा वैद्याची बोटे हेच यंत्र होते.

पुढे यंत्रे आली. १८१६ साली पॅरिसमधील लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके ऐकले. त्या सुरळीतूनच आजचा स्टेथोस्कोप जन्माला आला. हृदय प्रत्येक ठोक्याला अगदी सौम्य वीज निर्माण करते. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील आइन्टहोवेन यांनी ही वीज कागदावर उमटवणारे यंत्र बनवले. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो, तोच हा आलेख. पण ते यंत्र केवढे होते, ठाऊक आहे? त्याचे वजन सुमारे २७० किलो होते. ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे! या कामाबद्दल आइन्टहोवेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी पाठीवर बांधून नेता येईल असे यंत्र केले. त्याचेही वजन सुमारे ३८ किलो होते. म्हणजे तुमच्यापैकी एखाद्याला पाठुंगळीला घेऊन हिंडण्यासारखेच!

यंत्रे लहान होत गेली. आता हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळेही मिळतात. तरीही एक अडचण राहिलीच. आपले शरीर मऊ आहे. ते वाकते, ताणले जाते, घामाने भिजते. यंत्र मात्र कठीण. ते वाकत नाही, ताणले जात नाही आणि भिजले तर बिघडते. कोपर दुमडा आणि पुन्हा सरळ करा. तुमच्या कोपरावरची कातडी कशी ताणली जाते, ते पाहा. तिथे एखादी पत्र्याची पट्टी चिकटवली तर ती टिकेल का? मग शास्त्रज्ञांनी विचार केला, यंत्रच त्वचेसारखे करता आले तर?

या प्रश्नाची उत्तरे दोन वाटांनी मिळाली.

पहिली वाट प्लॅस्टिकची. प्लॅस्टिक मऊ असते, वाकते. पण त्यातून वीज जात नाही. म्हणून तर आपण विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन घालतो. १९६७ साली जपानमधील हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एक चूक घडली. एका प्रयोगात एक द्रव्य हजारपट जास्त पडले. पण त्या चुकीतून चांदीसारखे चकाकणारे एक पातळ पटल तयार झाले. शिराकावांनी ते फेकून दिले नाही. त्याचा अभ्यास सुरू ठेवला. पुढे अमेरिकेत ॲलन हीगर आणि ॲलन मॅक्डायर्मिड यांच्याबरोबर त्यांनी या पटलाला आयोडीनची वाफ दिली. तेव्हा त्याची वीज वाहून नेण्याची शक्ती सुमारे एक कोटी पटींनी वाढली! १९७७ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि २००० साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्लॅस्टिकमधूनही वीज जाऊ शकते, हे जगाला कळले. चुकीकडेही लक्ष देऊन पाहावे, हेही कळले.

या वाटेने पुढे गेले तोक्यो विद्यापीठातील ताकाओ सोमेया. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाब ओळखणारी, वाकणारी एक चादर तयार केली. यंत्रमानवाला स्पर्श कळावा, हा तिचा हेतू होता. नंतर ते माणसाच्या त्वचेकडे वळले. २०१३ साली त्यांनी सुमारे १ मायक्रोमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पटलावर विद्युत मंडल तयार केले. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. तुमच्या वहीच्या एक चौरस मीटर कागदाचे वजन साधारण ६० ग्रॅम भरते. या पटलाचे वजन भरले अवघे ३ ग्रॅम! ते हातातून सोडले तर पिसासारखे तरंगत खाली येते. चुरगळले तरी त्याचे काम चालूच राहते.

दुसरी वाट आहे सिलिकॉनची. संगणकाची चिप सिलिकॉनची असते. सिलिकॉन काचेसारखे कडक असते. वाकवले की तुटते. मग ते त्वचेवर कसे बसवायचे? तुम्ही सुताराला काम करताना पाहिले असेल. लाकडाची फळी वाकत नाही. पण त्याच फळीवर रंधा मारला की जी पातळ साल निघते, ती बोटाभोवती गुंडाळता येते. लाकूड तेच, फरक फक्त जाडीचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. त्यांनी सिलिकॉन इतके पातळ केले की ते वाकू लागले.

पण वाकणे वेगळे आणि ताणले जाणे वेगळे. कागद वाकतो, पण ताणला तर फाटतो. त्यावर त्यांनी एक सुंदर युक्ती काढली. तुम्ही कधी घाटातून प्रवास केला असेल. घाटातला रस्ता सरळ नसतो, नागमोडी असतो. त्यांनी विजेच्या तारा अशाच नागमोडी आखल्या. त्वचा ताणली गेली की तारेची वळणे थोडी सरळ होतात. त्वचा सैल झाली की ती पुन्हा पूर्ववत होतात. तार ताणली जात नाही, म्हणून तुटतही नाही.

२०११ साली रॉजर्स यांच्या गटाने ही इलेक्ट्रॉनिक त्वचा जगापुढे ठेवली. तिची जाडी ५० मायक्रोमीटरपेक्षा कमी होती. जत्रेत मिळणारे नकली गोंदण तुम्ही पाहिले आहे ना? चित्राचा कागद हातावर ठेवायचा, पाणी लावायचे, कागद सोलून काढायचा. चित्र हातावर राहते. ही त्वचाही तशीच लावता येते. ती चिकटवायला डिंक लागत नाही. दोन वस्तू एकमेकींच्या अगदी जवळ आल्या, की त्यांच्या कणांमध्ये सौम्य आकर्षण निर्माण होते. त्याला 'व्हॅन डर वाल्स बल' म्हणतात. भिंतीवरची पाल याच बळावर उलटी चालते. पातळ, मऊ पटल त्वचेच्या बारीकसारीक रेषांतही जाऊन बसते. त्यामुळे ते याच बळाने धरून राहते.

आता तुम्ही विचाराल, "ही त्वचा ओळखते तरी कशी?" त्यासाठी तिच्यात अतिशय लहान भाग असतात. त्यांना 'संवेदक' म्हणतात. धातूची तार गरम झाली की तिच्यातून वीज जायला जास्त अडथळा होतो. हा अडथळा मोजला की ताप कळतो. काही संवेदक ताणले गेले की त्यांचा अडथळा बदलतो. त्यावरून श्वासाची गती कळते. काही संवेदक हृदयाची आणि स्नायूंची वीज थेट टिपतात. काही संवेदक प्रकाशाचा उपयोग करतात. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. रक्तात प्राणवायू भरपूर असला की ते लालभडक दिसते, कमी असला की काळपट. ऑक्सिमीटर बोटातून लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाठवतो. दोन्हींपैकी किती प्रकाश शोषला गेला, यावरून प्राणवायूचे प्रमाण ठरवतो. ही कल्पना जपानमधील ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातील. २०१६ साली सोमेया यांच्या गटाने हाच ऑक्सिमीटर सुमारे ३ मायक्रोमीटर जाडीच्या पटलावर उतरवला. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात अली जावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घामातील साखर, क्षार यांचे प्रमाण मोजणारा पट्टा तयार केला.

एक अडचण अजून बाकी होती. त्वचेला हवा लागते. प्लॅस्टिकचे पटल फार दिवस लावून ठेवले, तर खाली घाम साचतो, खाज सुटते, पुरळ उठते. २०१७ साली सोमेया यांच्या गटाने त्यावरही उपाय शोधला. पाण्यात विरघळणाऱ्या धाग्यांची त्यांनी बारीक जाळी विणली. तिच्यावर सोन्याचा पातळ थर दिला. ही जाळी त्वचेवर ठेवून पाणी शिंपडले की धागे विरघळून जातात आणि सोन्याची जाळी त्वचेला चिकटून राहते. जाळीच्या छिद्रांतून घाम आणि हवा येत-जात राहते. वीस जणांनी ती एक आठवडा लावून पाहिली. कोणाच्याही त्वचेला सूज आली नाही.

मित्रांनो, हे सगळे वाचून तुम्हांला वाटेल, ही श्रीमंतांची हौस आहे. पण तसे नाही. या शोधाची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांना बोलताही येत नाही. ती आहेत दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे.

अशा बाळाचे वजन कधी कधी एक किलोही नसते. त्याची त्वचा पुरती तयार झालेली नसते. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती नाजूक असते. तळहाताच्या फोडासारखे जपावे लागते त्याला. त्याचे हृदय, श्वास, तापमान आणि प्राणवायू यांवर रात्रंदिवस नजर ठेवावी लागते. म्हणून त्याच्या अंगाला चिकटपट्ट्यांनी तारा लावतात. पट्टी काढताना कधी कधी कातडीही निघते. त्याचे व्रण मोठेपणीही राहू शकतात. दुसरेही एक दुःख आहे. अशा बाळाला आईने छातीशी धरावे, त्याची त्वचा आईच्या त्वचेला लागावी, हा फार मोठा उपचार आहे. आईच्या अंगाची ऊब त्याला मिळते. पण तारांच्या जंजाळातून बाळाला उचलायचे कसे? आई शेजारी बसून नुसती पाहत राहते.

२०१९ साली रॉजर्स यांच्या गटाने अशा बाळांसाठी मऊ, बिनतारी संवेदक तयार केले. तेव्हा ते शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात काम करत होते. एक संवेदक बाळाच्या छातीवर आणि दुसरा पायावर लावतात. त्यांत बॅटरीही नव्हती. गादीखाली ठेवलेल्या उपकरणाकडून त्यांना वीज मिळत होती. छातीवरचा संवेदक हृदयाचा ठोका टिपतो. तो ठोका नाडीच्या रूपाने पायापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे पायावरचा संवेदक सांगतो. या वेळेवरून रक्तदाबाचाही अंदाज येतो. शिकागोतील रुग्णालयांत अवघ्या २८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांपासून पूर्ण दिवसांच्या बाळांपर्यंत या संवेदकांची चाचणी झाली. अंगाला हे संवेदक असतानाच आया आपल्या बाळांना छातीशी धरू शकल्या.

ही गोष्ट आपल्या देशासाठी किती मोलाची आहे, ते एका आकड्यावरून लक्षात येईल. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्थांचा अंदाज आहे. जगात इतकी बाळे दुसऱ्या कोणत्याही देशात जन्मली नाहीत.

मधुमेहाचेही तसेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. दंडावर लावलेली एक छोटी चकती सुमारे दोन आठवडे साखरेचे प्रमाण सांगत राहते, अशी सोय आता झाली आहे. तिची बारीक तार त्वचेखाली जाते. पुन्हापुन्हा बोट टोचून रक्त काढण्याचा त्रास तिच्यामुळे पुष्कळ कमी होतो.

काही शास्त्रज्ञ माणसाला गमावलेला स्पर्श परत मिळवून देण्याच्या मागे आहेत. चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या झेनान बाओ यांनी २०१० साली रबरावर सूक्ष्म पिरॅमिड उभे करून असा संवेदक बनवला, की त्यावर माशी बसली तरी त्याला कळे. २०२३ साली त्यांच्या गटाने मऊ कृत्रिम त्वचेवरचा दाब विजेच्या स्पंदांच्या रूपात उंदराच्या मेंदूपर्यंत पोचवला. तेव्हा त्या उंदराचा पाय हलला. कृत्रिम हाताला खराखुरा स्पर्श कळावा, हे त्यांचे स्वप्न आहे.

असे संशोधन करायला नेहमीच महागडी सामग्री लागते असेही नाही. २०१६ साली सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात मुहम्मद मुस्तफा हुसैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कागदी त्वचा' बनवली. त्यासाठी त्यांनी काय वापरले? चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचे कागद, स्पंज, हात पुसायचा कागद, डबा बांधायचा ॲल्युमिनियमचा कागद आणि पेन्सिल! या वस्तूंपासून त्यांनी दाब, उष्णता आणि ओलावा ओळखणारे संवेदक तयार केले. बघा, या सगळ्या वस्तू बाजारात सहज मिळणाऱ्या आहेत.

आता थोडे थांबून दुसरी बाजूही पाहू. कोणतेही यंत्र जपूनच वापरावे लागते. २०२० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये प्राणवायूची कमतरता जास्त वेळा ओळखत नाही. गोऱ्या रुग्णांच्या मानाने ही चूक जवळजवळ तिप्पट होत होती. म्हणून त्वचेवर लावायचे यंत्र सर्व रंगांच्या त्वचेवर तपासून पाहिले पाहिजे. दुसरी गोष्ट माहितीची. तुमच्या हृदयाचे ठोके, तुमची झोप, तुमचा आजार ही तुमची खाजगी माहिती आहे. मराठीत तिला 'ठेव' म्हणता येईल, उर्दूत 'अमानत'. ती ज्याच्या हाती जाईल, त्याने ती जपली पाहिजे. यासाठी आपल्या संसदेने २०२३ साली कायदाही केला आहे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले वरोड्याचे आनंदवन तुम्हांला माहीत असेल. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. चटका बसला तरी कळत नाही. पायात काटा रुतला तरी कळत नाही. डॉ. पॉल ब्रँड हे भारतात जन्मलेले इंग्रज शल्यचिकित्सक. त्यांनी वेल्लूर येथे अनेक वर्षे कुष्ठरुग्णांवर उपचार केले. या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत त्यांनी रुग्णांसाठी एक कृत्रिम वेदनायंत्रणा बनवण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात संवेदक बसवले. दाब जास्त झाला की आवाजाने इशारा मिळे. पण रुग्ण त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करत. मग विजेचा धक्का देऊन पाहिला. तेव्हा काम अडू नये म्हणून रुग्ण यंत्रच बंद करून ठेवत! अखेर तो प्रयोग सोडून द्यावा लागला. आपल्या त्वचेतली वेदना आपल्याला बंद करता येत नाही. ती आपल्याला नकोशी वाटते, पण तीच आपली खरी राखणदार आहे, हे ब्रँड यांना त्यातून अधिकच पटले.

ब्रँड यांचे मोजे जाड होते. आजची इलेक्ट्रॉनिक त्वचा केसाहून पातळ आहे. उद्या ती आणखी पातळ आणि स्वस्त होईल. ती रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून पहारा करील आणि वेळेवर हाक मारील. पण त्या हाकेला ओ देणे, बाळाजवळ धावत जाणे, आजीला दवाखान्यात नेणे, हे काम मात्र माणसांचेच राहील. यंत्राने सांगावे आणि माणसाने ऐकावे, तरच त्या यंत्राचा उपयोग.

शब्दार्थ

पाठपुरावा करणे : एखाद्या गोष्टीचा सतत मागोवा घेणे
मज्जातंतू : शरीरातील संदेश मेंदूकडे नेणारे बारीक तंतू
सुरळी : गुंडाळी
वेष्टन : आवरण
पटल : पातळ पापुद्रा
विद्युत मंडल : वीज वाहण्याचा पूर्ण मार्ग
नागमोडी : सापासारखे वळणावळणाचे
रंधा : लाकूड गुळगुळीत करण्याचे सुताराचे हत्यार
गोंदण : अंगावर टोचून काढलेली नक्षी
संवेदक : उष्णता, दाब इत्यादी ओळखणारा यंत्राचा भाग
जंजाळ : गुंता
व्रण : जखमेची खूण
शल्यचिकित्सक : शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) त्वचेला शरीराचा सर्वांत मोठा अवयव का म्हणतात?
(२) आइन्टहोवेन यांच्या यंत्राचे वजन किती होते?
(३) विजेच्या तारा नागमोडी का आखल्या?
(४) 'कागदी त्वचा' कोणत्या देशात तयार झाली?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत कोणती चूक घडली आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले?
(२) दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना बिनतारी संवेदकांचा उपयोग कसा होतो?
(३) डॉ. ब्रँड यांचा प्रयोग का सोडून द्यावा लागला?

प्र. ३. जोड्या जुळवा.
'अ' गट : (१) लेनेक (२) सोमेया (३) ज्युलियस (४) बाओ
'ब' गट : (अ) मिरची (आ) सोन्याची जाळी (इ) कागदाची सुरळी (ई) सूक्ष्म पिरॅमिड

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
(१) अंगावर काटा येणे (२) तळहाताच्या फोडासारखे जपणे (३) डोळ्यांत तेल घालून पहारा करणे (४) हाकेला ओ देणे

प्र. ५. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात, ते लिहा.
(१) त्वचा (२) नाडी (३) ठेव (४) घाम (५) ताप

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
(१) मऊ (२) पातळ (३) नाजूक (४) स्वस्त

उपक्रम : मनगटावर बोटे ठेवून एका मिनिटात नाडीचे ठोके किती पडतात, ते मोजा. नंतर मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरक का पडला, याची वर्गात चर्चा करा.